हातानं झाकलेली तार

स्टील गिटारच्या तारा कधी बदलायच्या, असं विचारणाऱ्याला सहसा मुदत ऐकायची असते. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षातून दोनदा. पण रोज चार तास रियाज करणारा आणि रविवारी सकाळी तासभर वाद्य घेऊन बसणारा, यांना एकच मुदत कशी लागू पडणार? कोरड्या हाताच्या माणसाची तार टिकते, घामट हाताच्या माणसाची टिकत नाही. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत तार जितकी लवकर गंजते तितकी सोलापुरात गंजत नाही. तुटलेल्या तारेचा प्रश्नच नसतो, ती आपलं आपण सांगून टाकते. अवघड असते ती न तुटलेली तार. ती खुंटी पिळली की सुरात येते, आवाज देते, दिसायलाही बरी असते, आणि तरी तिचं काम संपलेलं असतं. अशी तार ओळखायची कशी, हा विचार करताना मला तारेपेक्षा हाताबद्दल आणि कानाबद्दल जास्त कळत गेलं.

आपल्याकडे या वाद्याला अजूनही हवाईयन गिटार म्हणतात. ते मांडीवर आडवं, उताणं घेऊन वाजवायचं. डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटांत नख्या. साध्या गिटारवर बोट तार दाबतं आणि सूर कुठे लागायचा ते पडदा ठरवतो. इथे तारा उंच उचललेल्या असतात. बार त्यांना टेकतो, दाबत नाही. पडद्यांच्या रेघा दिसतात, पण त्या नजरेच्या आधारापुरत्या. सूर लागतो तो बार जिथे टेकला तिथे, आणि तो कुठे टेकायचा हे कान सांगतो. एका सुरातून दुसऱ्या सुरात अखंड जाता येतं, मधली कुठलीच जागा निषिद्ध नसते. म्हणून तर हे परदेशी वाद्य आपल्या संगीताला इतकं मानवलं.

या वाद्याचा जन्मही तार बदलण्यातूनच झाला. हवाईच्या ओआहू बेटावर लाइए गावी १८७४ साली जन्मलेल्या जोसेफ केकुकूला या वादनपद्धतीचं श्रेय दिलं जातं. शाळकरी वयात त्यानं गिटारच्या तारांवर लोखंडी वस्तू सरकवून पाहिली आणि तो आवाज त्याच्या मनात बसला. पण त्या काळी गिटारला आतड्याच्या तारा असत. त्यांच्यावर लोखंड फिरवलं की सूर गुदमरतो. केकुकूनं पोलादी तारा चढवल्या, त्या गळ्यापासून उचलून घेतल्या आणि हातात नीट बसेल असा बार घडवून घेतला. हवाईत याच संदर्भात गॅब्रिएल डॅविअन या भारतीय वंशाच्या तरुणाचंही नाव घेतलं जातं. पहिला कोण, हा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. बार सुचणं पुरेसं नव्हतं. त्या बारला उत्तर देणारी तार चढली तेव्हा वाद्य झालं.

१९०४ मध्ये केकुकू हवाई सोडून अमेरिकेत गेला. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानं हवाईचं संगीत अमेरिकेच्या घराघरांत नेलं. पुढे १९३२ मध्ये बाजारात आलेली रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' ही विजेवरची गिटारसुद्धा मांडीवर घेऊन वाजवायची स्टील गिटारच होती. तोवर ही लाट जहाजांबरोबर आपल्या बंदरांतही आली होती. स्टील गिटारवादक टाउ मो आणि त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहिलं, आणि गार्नी निससारखे तिथले वादक त्यांच्या सहवासात तयार झाले. कोलकात्यात सुजित नाथ, बटुक नंदी, सुनील गांगुली. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग. शिप्लेंच्या गिटारला जोड असायची ती पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या अ‍ॅकॉर्डियनची. दोन कार्यक्रमांच्या मध्ये चार मिनिटं उरली की रेडिओवर यांच्यापैकी कुणाची तरी धून लागायची. शब्द नसायचे, पण गाणं ओळखू यायचं, कारण लता मंगेशकरांच्या गळ्यातली हरकत बार जशीच्या तशी घ्यायचा.

मग जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी या वाद्यावर राग मांडला. अली अकबर खाँसाहेबांची तालीम, गिटारला जोडलेल्या चिकारीच्या तारा, आणि १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'त शिवकुमार शर्मांच्या संतूरशेजारी, हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीशेजारी बसलेला त्यांचा शांत, खोल सूर. पुढे विश्वमोहन भट्टांनी तरफा बसवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये राय कूडरबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेसाठी त्यांना ग्रॅमी मिळालं. या सगळ्यात तारेकडून होणारी अपेक्षा बदलत गेली. चित्रपटगीताच्या धुनेत आघात जवळजवळ असतात, मागचा सूर विरायच्या आत पुढचा येतो. आलापात एकच आघात करायचा आणि त्याच्या आसेवर, म्हणजे मागे रेंगाळणाऱ्या नादावर, तीन-चार सुरांचा प्रवास पुरा करायचा. षड्जावरून पंचमापर्यंत मींड जायची असेल तर पंचम येईपर्यंत तार जिवंत राहायला हवी. रागाला तार जितकी लागते, तितकी धुनेला लागत नाही.

आता तार म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं, ते पाहू. वरच्या तारा साध्या पोलादाच्या असतात. खालच्या तारांना पोलादी गाभ्यावर निकेलची किंवा कांस्याची गुंडाळी असते. तारेचा सूर तिची लांबी, ताण आणि दर इंचाचं वजन या तीन गोष्टींवर ठरतो. नवी तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी जड असते. त्यामुळे ती छेडली की मूळ सुरावर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर शिस्तीत उभे राहतात, आणि कान त्या सगळ्यांचा मिळून एकच भरदार सूर ऐकतो. मग हात लागायला लागतो. डाव्या हाताची बोटं बारच्या मागे तारांवरून घसटत जातात, नको ते आवाज दाबण्यासाठी ती तशी ठेवावीच लागतात. घाम, त्वचेचं तेल, धुळीचे कण गुंडाळीच्या फटींत जाऊन बसतात. हवेतला ओलावा पोलादाला खातो. बार रोज त्याच पट्ट्यातून जास्त फिरतो, म्हणून तिथे गुंडाळी घासून सपाट होते. उजव्या हाताखालचा भाग वेगळा मळतो, टोकाकडचा तुकडा कोराच राहतो. तार आता सगळीकडे सारखी जड राहत नाही. वरचे सूर शिस्त सोडतात. मूळ सुराचा केंद्रबिंदू पसरतो.

या उतरणीला क्रम असतो. सगळ्यात आधी चमक जाते, कारण सर्वांत वरचे सूर मळानं आधी दबतात. त्यानंतर आस कमी होते. शेवटी सूर जातो. बहुतेक लोक चमक गेली की तार बदलतात, किंवा चमक गेल्याचं वाईट वाटत नाही म्हणून बदलतच नाहीत. माझ्या मते चमक हा निकष नव्हेच. थोडी वापरलेली तार आलापाला उलट बरी वाटते, तिचा धातूचा करकरीतपणा उतरलेला असतो. आसेकडे आणि सुराकडे मात्र काटेकोरपणे पाहायला हवं. आणि नेमक्या याच दोन गोष्टी वादकाला दिसत नाहीत, कारण त्याचे स्वतःचेच हात त्या झाकत असतात.

आस तोकडी पडायला लागली की उजवा हात आपोआप एक आघात वाढवतो. मींड मध्येच विझणार असं जाणवलं की नखी पुन्हा लागते. वाजवणाऱ्याला वाटतं, आज जरा जोरकस वाजतंय. प्रत्यक्षात तारेला जे पोचवता आलं नाही ते नखीनं पोचवलेलं असतं. सूर पसरायला लागला की डावा हात बार केसभर मागे-पुढे करतो, किंवा आंदोलन थोडं मोठं घेतो, म्हणजे डळमळणारा सूर त्या आंदोलनात सामावून जातो. याचा निर्णय कुणी बसून घेत नाही. तयार हाताचं लक्षणच हे, की तो कानाचं न सांगता ऐकतो. तिसरा साथीदार म्हणजे कान. तो रोज तीच तार ऐकतो, कालच्यापेक्षा आजचा फरक इतका बारीक असतो की त्याला धरायला काही सापडत नाही. जितका हात कसलेला तितकी मेलेली तार जास्त दिवस खपते. नवशिक्याच्या हातात ती पहिल्याच मिनिटाला उघडी पडते.

हे मला पहिल्यांदा दिसलं ते मास्तरांच्या घरी. पुण्यातल्या पेठेतल्या वाड्याच्या माडीवर ते शिकवायचे. आम्ही आपापली वाद्यं घेऊन जायचो, पण एकदा माझ्या वाद्याची खुंटी फिरेनाशी झाली म्हणून त्यांनी स्वतःची गिटार माझ्या मांडीवर ठेवली. यमनाची साधी सरगम होती, घोटलेली. ती त्या वाद्यावर लागेना. गंधार कणसूर, निषाद त्याहून. माझ्या शेजारच्या मुलानं वाजवून पाहिलं, तेच. मास्तरांनी वाद्य परत घेतलं, तीच सरगम वाजवली, आणि ती आरशासारखी स्वच्छ आली. आम्ही दोघं खाली मान घालून बसलो. मास्तर मात्र वाद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एका तारेवर बार ठेवला, तसाच पुढच्या तारेवर नेला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अगं, तुझा हात खरं बोलला. माझा हात गेले कित्येक दिवस या तारांची बाजू सांभाळत होता." त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही. कपाटातून तारांचं पाकीट निघालं.

घराच्या दाराचं कुलूप जरा वर उचलून, किल्ली अर्धी मागे घेऊन मग फिरवावी लागत असली, तर घरच्यांना ते कधीच बिघडलेलं वाटत नाही. बिघाड कळतो तो पाहुण्याला. मास्तरांच्या गिटारला आम्ही पाहुणे होतो. तेव्हापासून मी माझं वाद्य अधूनमधून मुद्दाम दुसऱ्याच्या हातात देते, शक्यतो माझ्यापेक्षा कमी शिकलेल्याच्या. तो काय वाजवतो याकडे माझं लक्ष नसतं. हात अजून सारवासारव शिकलेला नाही, तेव्हा तार काय बोलते ते मला ऐकायचं असतं.

दरवेळी असा पाहुणा मिळत नाही. मग वाद्यालाच साक्षीला बोलवावं लागतं, आणि स्टील गिटारमध्ये ती सोय आहे. माझ्या वाद्याच्या सहा तारा जुन्या हवाईयन पद्धतीनं लावलेल्या असतात. जाड तारेकडून मोजलं तर प, सा, प, सा, ग, प. बार बाराव्या रेघेवर सरळ, तारांना काटकोनात टेकवायचा आणि सहाही तारा एकामागून एक, मग एकदम छेडायच्या. मोकळ्या तारांचा जो मेळ खाली होता तोच एका सप्तकानं वर यायला हवा. एकच तार वाजत असते तेव्हा बारला केसभर सरकायला वाव असतो आणि हात तो वाव घेतो. दोन तारा एकत्र वाजल्या की वाव संपतो. बार म्हणजे सरळ पोलाद, तो एका तारेसाठी पुढे आणि दुसरीसाठी मागे जाऊ शकत नाही. षड्ज बरोबर आणला की पंचम उतरतो, पंचम आणला की षड्ज चढतो. इथे हाताच्या सगळ्या हिकमती थांबतात आणि तार उघडी पडते.

दुसरी परीक्षा याहून नाजूक. तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या रेघेवर, बोटाचा नुसता स्पर्श ठेवून नखी मारायची आणि लगेच बोट काढायचं. घंटेसारखा सूर येतो. मग त्याच जागी बार टेकवून तोच सूर काढायचा. निरोगी तारेत दोन्ही जुळतात. तार एका बाजूला जास्त जड झाली असेल तर तिचा खरा मध्य रेघेपासून ढळलेला असतो, आणि दोन सुरांमध्ये फट पडते. फट बारीक असली तरी दोन्ही सूर लागोपाठ काढले की कानाला कळते, कारण इथे त्याला कालच्या आठवणीशी तुलना करायची नसते.

तारेतला दोष डोळ्यांनीही दिसतो. मागच्या वेळी चौथी तार उतरवली तेव्हा ती मी खिडकीजवळ उजेडात धरली. कांस्याची गुंडाळी टोकाच्या पितळी गोळीजवळ अजून सोनेरी होती. जिथे नख्या लागतात तिथे ती काळपट तपकिरी पडलेली. त्याच्या पुढे, पाचव्या ते बाराव्या रेघेच्या पट्ट्यात, वरच्या बाजूला एक चपटी चकाकती पट्टी होती. बारनं गुंडाळीच्या गोलाईचा माथा घासून काढला होता. नख उलटं फिरवलं तर नव्या तारेवर जी बारीक कुरकुर लागते ती तिथे लागत नव्हती, नख सरळ घसरत होतं. खालच्या अंगाला फटींत करड्या मळाची रेघ. मग तार दोन हातांत ताणून मध्ये छेडली. सोळाव्या शतकात युरोपातले ल्यूटवादक आतड्याच्या तारा निवडताना हेच करत, त्या काळच्या पुस्तकांत ही रीत लिहून ठेवलेली आहे. तार खरी असेल तर थरथरताना तिच्या दोन स्वच्छ कडा दिसतात. खोटी असेल तर त्यांच्यात तिसरी, चौथी रेघ नाचते. माझ्या हातातली तार धुरकट, पिंजल्यासारखी दिसत होती. पाकिटातली नवी काढून तशीच छेडली. दोन कडा, मध्ये मोकळा उजेड.

हाताची झाकपाक नसली तर तारेचं काय होतं, हे पाहायचं असेल तर तंबोरा पाहावा. मिरजेत शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी वाद्यं घडवायला घेतली आणि त्या गावाचा तंबोरा देशभर गेला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याच्या तारेवर डावा हात कधी येतच नाही. ती नेहमी मोकळीच वाजते. म्हणून तिचं सगळं बरंवाईट थेट कानावर पडतं. सुरेल लागलेल्या, जवारी खुललेल्या तंबोऱ्याच्या खरजातून स्वयंभू गंधार उमटतो, कुणी तो छेडलेला नसताना. तार खोटी झाली की सगळ्यात आधी तो गंधार हरवतो. गवई जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे करून बघतो, मणका सरकवतो, आणि तरी गंधार येईना झाला की तार काढून टाकतो. त्याला स्वतःवर शंका घ्यावी लागत नाही. वादकाला मात्र घ्यावी लागते, आणि वादक जितका चांगला तितकी जास्त.

जुन्या तारा सांभाळणाऱ्यांचाही एक पक्ष आहे, आणि तो उगाच नाही. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांवर बेस गिटार वाजवणारा जेम्स जेमरसन आपल्या तारा तुटेपर्यंत बदलत नसे. त्याच्या तारा सपाट गुंडाळीच्या, आवाज बुटका आणि घट्ट. आघात झाला की सूर बसायचा आणि थांबायचा. त्याच्या संगीताला आस नको होती, ती गायकाच्या वाटेत आली असती. मेलेली तार त्याच्या कामाला जिवंत होती. काही बेसवादक तारा पाण्यात उकळून पुन्हा चढवतात. तेल-मळ सुटतो आणि थोडे दिवस चमक परत येते. घासलेली गुंडाळी आणि थकलेला गाभा मात्र उकळून बरा होत नाही. तेव्हा तार जुनी झाली की नाही हे वयावर ठरत नाही, तिच्याकडून काय हवं आहे त्यावर ठरतं. ज्याला मींड हवी, त्याला आस सोडता येत नाही.

अमेरिकेत या वाद्याला पुढे पाय फुटले. पेडल स्टील गिटारला दहा तारा, खाली पेडल आणि गुडघ्यांनी ढकलायचे दांडे. बार न हलवता पायानं तार ताणून सूर चढवायचा. तिथे तार बदलण्याची गोष्ट वेगळ्याच टोकाला जाते. ई नाइन्थ या प्रचलित लावणीत तिसरी तार सर्वात उंच सुरावर, जी शार्पवर, असते. जाडी साधारण अकरा सहस्रांश इंच, लांबी चोवीस इंच. एवढ्या बारीक तारेवर सुमारे साडेबारा किलोचा ताण असतो. एक पेडल दाबलं की ती ए या सुरावर जाते आणि ताण चौदा किलोच्या आसपास चढतो. पाय उचलला की पुन्हा खाली. एका गाण्यात असं कितीदा तरी होतं, आणि दरवेळी तार पेडलनं खेचल्या जाणाऱ्या बिजागरीवर त्याच बिंदूत वाकते. धातू थकतो आणि तिथेच तुटतो. जाड तार घालून सुटका होत नाही. जाड तारेला तोच सूर गाठायला त्याच प्रमाणात जास्त ताण लागतो, पोलादाच्या दर चौरस इंचावरचा ताण तेवढाच राहतो. म्हणून कार्यक्रम जवळ आला की चांगली वाजत असलेली तिसरी तारही काढून नवी घालणारे वादक आहेत. त्यांना तिची तक्रार नसते. तिच्या कष्टांचा हिशेब त्यांना ठाऊक असतो.

नवी तार चढवणं हे घाईचं काम नव्हे. मी सगळ्या तारा एकदम उतरवत नाही. एक काढायची, एक घालायची, म्हणजे वाद्याच्या अंगावरचा ताण एकदम सुटत नाही. टेलपीसमध्ये गोळी अडकवून तार पीळ न पडू देता खुंटीपर्यंत आणायची, वेढे एकाखाली एक नीट बसवायचे. सुरात आली की बोटांखाली धरून हलकेच वर ओढायची. ती उतरते. पुन्हा चढवायची, पुन्हा ओढायची. वेढे आवळतात, गुंडाळी गाभ्यावर बसते, आणि हळूहळू ओढलं तरी ती आपली जागा सोडेनाशी होते. तरीही पहिल्या एक-दोन बैठका ती उतरत राहते, म्हणून मैफलीच्या दिवशी सकाळी नव्या तारा घालू नयेत. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती कापडात चिमटीनं धरून वरपासून खालपर्यंत पुसायची, खालच्या अंगानंही. एवढ्यानं तारेचं आयुष्य चांगलंच वाढतं.

नव्या तारांवर पहिला दिवस मात्र विचित्र जातो. हात जुन्या सवयीनं बार केसभर अलीकडे टेकवतो आणि सूर उतरलेला लागतो. आंदोलन अकारण मोठं होतं. एक आघात पुरेसा असताना नखी दुसऱ्यांदा लागते, आणि आधीच भरलेल्या सुरावर नवा सूर आदळतो. जुन्या तारांसाठी हात काय काय करत होता त्याची ही यादीच असते. त्या दिवशी मी राग वाजवत नाही. मोकळा षड्ज छेडते, तो पुरता विरेपर्यंत हात उचलून बसते, मग एकच मींड सावकाश पंचमापर्यंत नेते आणि वाटेत नखी पुन्हा लागू देत नाही. हळूहळू हात आपली लगबग सोडतो. ज्या जागा अवघड म्हणून मी टाळायला लागले होते त्या एकेक करून परत येतात. कोमल ऋषभावरून षड्जावर येतानाचा लांब उतार, तार सप्तकात टिकवलेला गंधार. त्या अवघड झाल्या नव्हत्या. तारेची पोच कमी झाली तसा मी राग आखडता घेतला होता.

जुन्या तारेचं खरं नुकसान इथे होतं. आवाज थोडा मंद झाला, एवढ्यानं बिघडत नाही. पण वादक तारेला जमेल तेवढंच वाजवायला लागतो, आणि ते आपल्याला जमतं तेवढं आहे असं समजतो. लांब मींडेऐवजी दोन छोट्या, ठेहरावाऐवजी जोड, आणि श्रोत्यांपैकी कुणाच्याच हे लक्षात येत नाही, कारण जे वाजलं ते सुरात वाजलेलं असतं. ज्याच्या मनात तो राग पुरता आहे त्यालाच कळू शकतं की काहीतरी गाळलं जातंय. म्हणून स्वतःला अधूनमधून विचारावं: गेल्या काही दिवसांत मी कुठली जागा घेतलेली नाही? उत्तर तारेत सापडण्याची शक्यता बरीच असते.

हातात नवं पाकीट असलं की जुन्या तारेचे आणखी चार दिवस काढावेत असं वाटतं. तारा महाग असतात, चांगल्या तारा प्रत्येक गावात मिळतही नाहीत, आणि सुरात वाजणारी वस्तू टाकून देणं आपल्या वळणात बसत नाही. पण बारला एका तारेची बाजू घेऊन दुसरीला सोडावं लागायला लागलं, मींड पोचण्याआधी नखी पुढे धावायला लागली, की ती तार काढावी. हात तयार व्हायला वर्षं जातात. गंजलेल्या धातूचा दोष झाकत राहणं हा त्या तयारीचा अपव्यय आहे. ती रागासाठी आहे.